पुठ्ठ्यातून उभा राहणारा सह्याद्री

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. महाराष्ट्रातलं हे सर्वांत उंच शिखर पुठ्ठ्याच्या सोळा थरांत टेबलावर उभं करता येतं, आणि तेही अगदी मापात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १०० मीटर म्हणजे २ मिलिमीटर, आणि तेवढ्याच जाडीचा करडा पुठ्ठा बाजारात मिळतो. समुद्रसपाटीपासून दर १०० मीटरला एक पुठ्ठा धरला, तर शिखर जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर उंच होतं. ‘एवढंसंच?’ असं मुलं हमखास विचारतात. हो, एवढंसंच. चढताना दम काढणारा डोंगर आपल्या पसाऱ्याच्या मानानं किती बुटका असतो, हे पुठ्ठाच दाखवतो.

नकाशावरच्या समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषा. स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर १७७४ साली पृथ्वीची घनता काढण्यासाठी मोजणी सुरू झाली, तेव्हा चार्ल्स हटन या गणितज्ञानं आकड्यांच्या गर्दीतून असेच समान उंचीचे बिंदू जोडले आणि डोंगराचा आकार कागदावर दिसू लागला. मुलांना मात्र या रेषा पाठ कराव्या लागतात. त्या कापायला दिल्या की पाठांतराची गरजच उरत नाही. दर पाचवी रेषा ठळक छापलेली असते, ती १०० मीटरची. तेवढीच गिरवून घ्यायची. प्रत्येक थरावर त्याच्या वरच्या थराची रेषाही पेन्सिलीनं काढून ठेवावी, म्हणजे चिकटवताना जागा चुकत नाही.

खरी गंमत कापताना कळते. सोंडेवर कात्री ऐसपैस बाहेर वळते, घळीत मात्र टोकदार आत शिरते. सगळे थर रचून झाले की ही आत शिरलेली टोकं एकाखाली एक येतात. त्यांवरून निळा दोरा सोडून पाहा. तो नकाशातल्या ओढ्याच्याच वाटेनं उतरतो! कड्यापाशी थरांच्या कडा एकमेकींना भिडतात, पठारावर लांब लांब जातात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर मधोमध आत गेलेला आहे. त्याचा मोठ्या प्रमाणातला वेगळा नमुना केला, तर वरचा थर खालच्याच्या बाहेर डोकावतो. समोच्च रेषा एकमेकींना छेदत नाहीत या नियमाला अपवाद कुठे असतो, ते तिथे बोटानं चाचपता येतं.

पुठ्ठ्याच्या पायऱ्या आपण सोयीसाठी केलेल्या असतात, पण सह्याद्री मुळातच थरांचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थिजला, त्यावर पुढचा पसरला. मग पावसानं आणि नद्यांनी तो कापायला घेतला. कठीण थरांचे कडे झाले, ठिसूळ थरांचे उतार आणि पदर. थर आधी, कापणी नंतर: मुलं टेबलावर करतात तो क्रम डोंगराच्या इतिहासाशी जुळतो. मातीच्या ढिगाचा डोंगर करून हे कधीच कळणार नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या शाळांना पुठ्ठाच योग्य, असं मला ठामपणे वाटतं.

कापून उरलेल्या बाहेरच्या चौकटी फेकू नका. त्या उलट्या क्रमानं रचल्या की डोंगराच्या जागी खळगा होतो. इथे लोणारची गोष्ट सांगावी. उल्कापातानं बेसॉल्टमध्ये पडलेलं ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर नकाशावर टेकडीसारखंच वर्तुळात वर्तुळ दिसतं. फरक फक्त आकड्यांचा: टेकडीत ते आत वाढतात, विवरात आत उतरतात.

सुरुवात कळसूबाईनंच करायला हवी असं नाही. आपल्या गावाजवळची टेकडी निवडा, सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून तिचा नकाशा उतरवून घ्या आणि मुलांच्या हाती कात्री द्या. नमुना झाला की तो घेऊन त्याच टेकडीवर जा.