फाशावरचे २० आणि तुमचा ०.०५

'पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्यातला धोका समजून घ्यायला एक खेळ कामी येतो: डंजन्स अँड ड्रॅगन्स.

या खेळात कुलूप उघडण्यासारखं काम जमलं की नाही, हे 'स्किल चेक'ने ठरतं. २० बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा. बेरीज ठरलेल्या काठिण्याइतकी किंवा जास्त आली की काम फत्ते. समजा, काठिण्य ३० आहे. तरबेज चोराचा आकडा +१३, त्याला १७ किंवा जास्त हवेत. शक्यता २० टक्के. धिप्पाड योद्ध्याचा −१. २० पडले तरी बेरीज १९. शक्यता शून्य.

पण बरेच जण खेळताना स्वतःचा एक नियम लावतात: २० पडले की हमखास यश, १ पडला की हमखास अपयश. छापील नियमांत हे हल्ल्याच्या फाशाला आहे, स्किल चेकला नाही. २०२२ च्या चाचणी-मसुद्यात ते स्किल चेकलाही लावून पाहिलं होतं. २०२४ च्या नियमांत ते आलं नाही.

का, ते बघा. या नियमाने योद्ध्याची शक्यता थेट ५ टक्के होते. असे पाच जण एकेकदा प्रयत्न करू देत: किमान एकाला २० पडण्याची शक्यता सुमारे २३ टक्के! कुलूप उघडेल, पण कौशल्य कोणाकडेच नाही.

पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती (२०१९) इथे सावध आहे. २० पडले की निकाल फक्त एक पायरी वर सरकतो. योद्धा ३० पेक्षा ११ ने मागे, म्हणजे 'क्रिटिकल फेल्युअर'. ते सरकून साधं अपयश होतं. कुलूप बंदच.

आता तुमचा डेटा घ्या. खरा परिणाम कुठेच नसताना २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर किमान एक तरी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के आहे. तेवढीच एक पेपरात दाखवणं म्हणजे त्या योद्ध्याला कुलूपतज्ज्ञ म्हणणं.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. कोणत्या चाचण्या करणार ते आधीच लिहून ठेवा. फासा किती वेळा टाकला ते सांगा आणि मर्यादा त्याप्रमाणे कडक करा. बॉन्फेरोनी पद्धतीने २० चाचण्यांसाठी ती ०.००२५ होते. आणि परिणाम दिसला तर नव्या डेटावर पुन्हा तपासा. चोर असेल तर अधूनमधून तरी उघडत राहील. योद्धा असेल तर लवकरच कळेल.