आजोबांची रात्रीची येरझार

अशी कल्पना करा, की पंढरपूर तालुक्यातील करकंब गावात रात्रीचे अकरा वाजले आहेत. दिवसभर उसात राबलेली माणसे गाढ झोपली आहेत. पण एका घरातले आजोबा उठून बसले आहेत. ते पोटऱ्या चोळतात, अंगणात चार फेऱ्या मारतात, येऊन आडवे होतात आणि पाच मिनिटांत पुन्हा उठतात. नातू विचारतो, "आबा, पाय दुखतात का?" "दुखत न्हाई रं, पन आत मुंग्या फिरल्यागत होतंय. चाललं की बरं वाटतंय."

या आजोबांना कंपवात आहे. त्यांचा हात थरथरतो, चाल मंदावली आहे, हे साऱ्यांना दिसते. परंतु त्या हाताचा आणि रात्रीच्या येरझारेचा काही संबंध असेल, असे घरात कोणाच्याही मनात येत नाही. 'वय झाले, झोप जायचीच,' असे म्हणून विषय संपतो.

हे घर काल्पनिक असले तरी तक्रार खरी आणि जुनी आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. रोग वाढल्यावर रुग्णाची झोप मोडते, हे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले होते. पुढे वैद्यांचे लक्ष मात्र बराच काळ थरथरीवरच राहिले.

आपल्या मध्यमेंदूत काळसर मज्जापेशींचा एक पुंजका असतो. या पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे आणि ती सफाईने पार पाडणे यासाठी लागणारे निरोप हे रसायन पोचवते. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. त्यावर लेव्होडोपा हे औषध देतात. मेंदूत शिरल्यावर त्याचे डोपामीन बनते. गंमत अशी, की कुंपणावरच्या खाजकुहिलीच्या बियांत हेच द्रव्य असते! मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 साली ते त्या बियांतून वेगळे केले. (म्हणून कोणी बिया कुटून आजोबांना देऊ नयेत. त्यात औषध किती आहे, हे चमच्याने मोजता येत नाही.)

या औषधाचा अंमल काही तासच टिकतो. संध्याकाळची गोळी मध्यरात्री उतरली, की अंग लाकडासारखे ताठते. तुम्ही आम्ही झोपेत नकळत कूस बदलतो. या रुग्णाला तेवढ्यासाठी जागे होऊन धडपडावे लागते.

पायांची अस्वस्थता हा आणखी एक प्रकार. स्वीडनच्या एकबोम यांनी 1945 साली तिचे सविस्तर वर्णन केले. ती ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत: पाय हलवावेत अशी अनावर ओढ लागते, ती स्वस्थ बसल्यावर किंवा पडल्यावर येते, चालले की कमी होते आणि संध्याकाळनंतर वाढते. हा त्रास कंपवात नसलेल्यांनाही होतो. डोपामीन तयार करणाऱ्या एका विकराला लोह लागते, म्हणून डॉक्टर अशा रुग्णाच्या रक्तातला लोहाचा साठा तपासून पाहतात. उलटीवरची काही औषधे डोपामीनच्या कामात अडथळा आणतात. त्यांनीही पायांची ही तगमग वाढते. आणि संध्याकाळचा तो कडक चहा! तोही काही रुग्णांना बाधतो.

तिसरा प्रकार घरच्यांना सर्वांत जास्त घाबरवतो. आजोबा झोपेतच ओरडतात, लाथा झाडतात, शेजारी झोपलेल्याला ठोसा लगावतात. 'बाहेरची बाधा झाली,' अशी कुजबुज सुरू होते. वस्तुतः स्वप्न पडते त्या झोपेत मेंदूच्या देठातील एक यंत्रणा आपले स्नायू सैल करून ठेवते. म्हणून स्वप्नात आपण कितीही धावलो तरी अंथरुणातच असतो. ही यंत्रणा बिघडली, की माणूस स्वप्नाप्रमाणे हातपाय चालवू लागतो. अमेरिकेतील शेंक आणि माहोवाल्ड यांनी 1986 साली या विकाराचे वर्णन केले. पुढे असे आढळले, की अशा अनेकांना काही वर्षांनी कंपवात होतो. म्हणजे हात थरथरण्याच्या कितीतरी आधी रोगाची चाहूल झोपेत लागलेली असते. अशा माणसाची खाट बुटकी असावी. उशाशी कंदील, काचेचा पेला किंवा विळा ठेवू नये.

तिन्ही प्रकारांचे उपचार वेगवेगळे आहेत. कोठे गोळीची वेळ बदलावी लागते, कोठे लोह द्यावे लागते. पायांसाठी म्हणून दिलेले डोपामीनसारखे औषधच काही वर्षांनी तो त्रास वाढवते, असेही घडते. त्यामुळे 'झोप येत नाही' एवढ्यावर डॉक्टरांचे भागत नाही. आजोबा दवाखान्यात ते सांगायलाही विसरतात, कारण दिवसा त्यांना बरे असते.

येथे नातवाला काम आहे. वहीच्या एका पानावर आठ दिवसांचा तक्ता आखावा. गोळी किती वाजता घेतली, आजोबा कधी उठले, चालल्यावर बरे वाटले का, झोपेत ओरडले का, चहा कधी झाला, हे त्यात रोज लिहावे. पंढरपूरला किंवा सोलापूरला तपासणीसाठी जाताना गोळ्यांच्या पिशवीबरोबर ते पानही न्यावे.