कायम नोकरीनंतरचे कंत्राटी काम

कायम नोकरीचे मोल ती सुटल्यानंतर कळते, असे म्हणतात. हे विधान भावनेच्या दृष्टीने खरे आहेच. परंतु हिशेबाच्या दृष्टीनेही ते तितकेच खरे आहे. दरमहा हाती पडणारा पगार हा त्या मोलाचा केवळ दृश्य भाग होय. भरपगारी रजा, मालकाने भविष्यनिर्वाह निधीत घातलेली रक्कम, आजारपणातील आधार, आणि काम नसलेल्या दिवसाचेही वेतन, हा त्याचा अदृश्य भाग. वीस-पंचवीस वर्षे एकाच ठिकाणी नोकरी केलेला मनुष्य कंत्राटी कामाच्या शोधात निघतो, तेव्हा त्याच्या हातून घडणारी पहिली चूक बहुधा या अदृश्य भागाच्या विस्मरणातून घडते.

अशा माणसांची संख्या आपल्या देशात थोडी नाही. १९८० नंतरच्या दोन दशकांत अहमदाबाद आणि मुंबई येथील अनेक कापडगिरण्या बंद पडल्या. १९८८ साली सार्वजनिक उद्योगांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी अशाच योजनेखाली बाहेर पडले. आणि ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी भारत संचार निगमातील ७८ हजारांहून अधिक माणसांनी सेवा सोडली. यांपैकी पुष्कळांच्या अंगी काम करण्याची शक्ती शिल्लक होती, आणि घरी कामाची गरजही होती. मात्र दुसरी कायम नोकरी मिळण्याचे वय उलटून गेले होते. उरला तो कंत्राटाचा मार्ग.

‘कंत्राटी काम’ या एकाच शब्दाखाली तीन भिन्न गोष्टी मोडतात, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. पहिल्या प्रकारात मनुष्य ठेकेदाराचा नोकर असतो आणि काम मात्र तिसऱ्याच्या कारखान्यात करतो. दुसऱ्यात आस्थापना त्याला ठराविक मुदतीसाठी स्वतःच नेमते. तिसऱ्यात तो कोणाचाच नोकर नसतो. ठरलेले काम ठरलेल्या मोबदल्यात पुरे करून देणारा तो स्वतंत्र व्यावसायिक असतो. कागदावर काय लिहिले आहे यावरून हा भेद नेहमीच ठरत नाही. सौराष्ट्रातील ध्रांगध्रा येथील मिठागरांत राबणारे आगरिये मणाच्या दराने मोबदला घेत, त्यांना कामाचे ठराविक तास नसत, आणि मदतीला माणसेही ते स्वतः लावीत. तरीही ते स्वतः अंगमेहनत करतात आणि कामाच्या पद्धतीवर कंपनीची देखरेख असते, म्हणून ते कामगारच होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली दिला. ज्याला ‘सल्लागार’ म्हणून बोलावले जाते, परंतु रोज हजेरी द्यावी लागते आणि साहेबाच्या हुकुमावाचून उठता येत नाही, त्याने हा निर्णय स्मरणात ठेवावा.

पहिल्या प्रकारच्या कामगारांसाठी १९७० साली कंत्राटी कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. त्याखाली एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीस बंदी झाली, तरी तेथील कामगार आपोआप मूळ मालकाचे कायम नोकर होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्पष्ट केले. ‘आज ठेकेदाराकडे लागा, उद्या कायम होऊन जाल’ या आश्वासनाचे कायद्यातील वजन किती, हे यावरून कळावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या असून जुन्या कायद्याची जागा त्यांनी घेतली आहे. मुदतीच्या नेमणुकीवरील माणसाला त्यांचा एक ठोस लाभ आहे: उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्यासाठी पूर्वी पाच वर्षांची सेवा लागे, आता अशा नेमणुकीत एका वर्षाच्या सेवेनंतर ती मिळते. प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देणेही बंधनकारक झाले आहे. ते मागून घेण्यात संकोच बाळगू नये.

आता तिसऱ्या प्रकारातील दराचा विचार करू. समजा, एका तंत्रज्ञाचा पगार दरमहा ६०,००० रुपये होता आणि त्यातील मूळ वेतन ४०,००० रुपये. सव्वीस दिवसांचा महिना धरल्यास रोजचे सुमारे २,३०० रुपये पडतात. म्हणून रोजी २,५०० रुपयांचे काम आले की त्याला आपली बढती झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात वर्षाच्या ७,२०,००० रुपये पगारात मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतील बारा टक्के हिस्सा, म्हणजे ५७,६०० रुपये, मिळवावा लागेल. उपदानाचे वर्षाला सुमारे २३,००० रुपये. स्वतः उतरवावयाच्या आरोग्यविम्याचे २५,००० आणि प्रवास, हत्यारे, दूरध्वनी यांचे ४०,००० रुपये धरू. बेरीज सुमारे ८,६६,००० रुपये होते.

भागाकारही बदलतो. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ रविवार, १५ सण आणि आजारपण-रजेचे २० दिवस वजा केले की २७८ दिवस उरतात. यांतील चौथा हिस्सा, सुमारे ७० दिवस, नवे काम शोधण्यात व दोन कामांमधील रिकाम्या काळात जाईल असे मानू. कमाईचे दिवस उरले २०८. या दिवसांनी वरील रकमेस भागल्यास रोजचा दर ४,१६० रुपयांच्या आसपास येतो. अडीच हजारांत आनंद मानणारा मनुष्य वस्तुतः आपल्या जुन्या मिळकतीच्या तीन-पंचमांशावर काम करीत असतो. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. रीत हीच राहील.

काम शोधावे कोठे? महानगरातील मजूर-नाक्यावर सकाळी उभा राहणारा गवंडी आपली थापी आणि ओळंबा दिसेल असा ठेवतो, रंगारी ब्रश हाती धरतो. आपण काय करू शकतो, हे त्याला तोंडाने सांगावे लागत नाही. याउलट कार्यालयात आयुष्य घालविलेला मनुष्य आपली ओळख हुद्द्याने करून देतो. ‘उपविभागीय अधिकारी, बावीस वर्षे’ या शब्दांवरून काम देणाऱ्यास काहीच उमगत नाही. ‘भूमिगत केबलमधील दोष शोधून दुरुस्त करणे, दोन जिल्ह्यांच्या जाळ्याची देखभाल’ असे लिहिले की उमगते. म्हणून एका पानावर पदे न लिहिता केलेली कामे लिहावीत. हे पान प्रथम जावे ते परिचितांकडे: माल पुरविणारे, पूर्वीचे ग्राहक, आपल्या आधी बाहेर पडलेले सहकारी. आपले काम ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांना आपली शिफारस अन्य कोणी करावी लागत नाही.

येथे दोन बंधने तपासून घ्यावीत. स्वेच्छानिवृत्तीच्या योजनांत, पुन्हा सार्वजनिक उद्योगात नोकरी धरल्यास मिळालेली भरपाईची रक्कम परत करावी लागेल, अशी अट पुष्कळदा असते. दुसरे, जुन्या मालकाने नोकरी सुटल्यानंतरही तोच व्यवसाय न करण्याचे लिहून घेतले असेल, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमानुसार असे बंधन सामान्यतः निरर्थक ठरते. गुपिते न फोडण्याची जबाबदारी मात्र कायम राहते.

करार लेखी असावा. कामाची व्याप्ती, मुदत, दर, वाढीव कामाचा मोबदला, पैसे देण्याचा दिवस आणि करार मोडण्याची पूर्वसूचना, एवढे त्यात नि:संदिग्धपणे लिहिलेले असावे. कंत्राटदाराचा खरा शत्रू कामाचा अभाव हा जितका असतो, तितकाच पैशांचा विलंब. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने येथे साहाय्य होते. काम घेण्यापूर्वी ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या सेवा पुरवठादारास करारानुसार, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. बिलातून कापलेला आयकर हा बुडालेला पैसा नव्हे. विवरणपत्रात त्याची वजावट मिळते, म्हणून कापल्याचा दाखला जपून ठेवावा.

भविष्यनिर्वाह निधीतील शिल्लक हाती येताच खर्चून टाकण्याचा मोह आवरावा. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांची पात्र सेवा झालेली असल्यास अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळते. शिवाय सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम वेगळी काढल्यावाचून पहिले कंत्राट स्वीकारणे म्हणजे पहिल्याच वाटाघाटीत हात बांधून बसणे होय. ज्याला पुढच्या महिन्याचे भाडे भरावयाचे आहे, तो ४,१६० चा दर मागू शकत नाही; समोरच्याने उच्चारलेला आकडाच त्याचा दर होतो.

हेच या विषयाचे सर्वांत गंभीर अंग आहे. वर सांगितलेला हिशेब ज्याच्याजवळ कौशल्य आणि थोडी शिल्लक आहे त्याच्या उपयोगाचा. अहमदाबादच्या बंद गिरण्यांतील ज्या कामगारांना यंत्रमागावर किंवा रिक्षाच्या चाकामागे जावे लागले, त्यांच्याजवळ कौशल्य होते. वाट पाहण्याचे बळ नव्हते. दर केवळ कसबावर ठरत नाही, तर नकार देण्याच्या शक्तीवरही ठरतो. ही शक्ती एकट्याला बचतीतून मिळते. अनेकांना ती संघटनेतून आणि कायद्याच्या अंमलबजावणीतून मिळवावी लागते.

अखेरची गोष्ट मनाची. ज्या फाटकातून पंचवीस वर्षे ओळखपत्र न दाखविता आत जाता येत होते, तेथे आता पाहुण्यांच्या वहीत नाव लिहावे लागते, आणि कामाची तपासणी आपल्या मुलाच्या वयाचा अधिकारी करतो. यात अपमान मानला तर तो रोज होईल. त्या वहीत नावासमोर ‘कामाचे स्वरूप’ असा एक रकाना असतो. त्यात काय लिहावयाचे, हे आता मालक सांगत नाही. ते ज्याचे त्याला ठाऊक असावे लागते. ते ठाऊक झाले की नव्या जीवनक्रमातील निम्मी अडचण दूर झाली असे समजावे.