शिवणकामासाठी इस्त्री घेताना : काय पाहावे, काय टाळावे

शिलाई मशीन घ्यायचे म्हटले की माणसे चार दुकाने हिंडतात, ओळखीच्या टेलरला विचारतात. इस्त्री मात्र वाटेवरच्या पहिल्या दुकानातून उचलून आणतात. घरबसल्या शिवणकाम करून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनींना हे महागात पडते. मशीनचा टाका चुकला तर उसवता येतो. इस्त्रीने कापड जळाले तर ते भरून द्यावे लागते. ईदच्या तोंडावर हाती वीस-पंचवीस जोड असताना असे झाले, तर पैशापरी पैसा जातो आणि गिऱ्हाईकही तुटते. यास्तव इस्त्री निवडण्याच्या चार गोष्टी समजून घेणे जरूर आहे.

शिवणकामाची इस्त्री वेगळी का?

घरात आपण धुतलेल्या कपड्यांच्या सुरकुत्या काढतो, म्हणून इस्त्री कापडावरून फिरवतो. शिवणकामात ती फिरवण्यापेक्षा दाबायची असते. खांद्याची शिवण घातली की ती उलगडून दाबायची, मगच बाही लावायची. टक, बटणपट्टी, कॉलर, नेफा यांचेही तसेच. इस्त्री सरकवली तर तिरक्या कापाचे कापड ताणले जाते व गळा वाकडा बसतो. म्हणून उचलून ठेवावी, दाबावी, पुन्हा उचलावी. या कामात इस्त्रीचे वजन उपयोगी पडते.

दुसरा फरक असा की, शिवताना इस्त्री तास-दोन तास चालूच असते. दोन मिनिटे काम, दहा मिनिटे उभी. अशा वेळी ताप जागेवर ठेवणारा तिचा थर्मोस्टॅट चांगला नसेल, तर पुढचे कापड ठेवताच चिकटते.

कोणता प्रकार घ्यावा?

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला, सुमारे एक किलो वजनाची हलकी कोरडी इस्त्री. ही हजार रुपयांच्या आत मिळते व घरच्या कपड्यांना पुरते. दुसरा, दीड ते दोन किलोची वजनदार कोरडी इस्त्री. हिला काहीशे रुपये जास्त पडतात. तिसरा, वाफेची इस्त्री.

वाफेचे आकर्षण मोठे आहे आणि ते अगदीच खोटे नाही. ओलावा आणि उष्णता मिळाली की सुती धाग्यातील बंध सैल होतात. कापड दाबून वाळवले की ते नव्या आकारात पक्के बसतात. परंतु हेच काम पाण्याची फवारणी बाटली आणि ओला करून पिळलेला सुती फडका यांनीही होते. उलट आपल्याकडे अनेक गावी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असते. त्यातील क्षार साचून वाफेची छिद्रे बुजतात व मळकट पाणी कापडावर ठिबकते. वाफेची इस्त्री घ्यायचीच असेल, तर माहितीपत्रकात सांगितलेले पाणीच वापरावे आणि काम संपताच टाकी रिकामी करावी.

कॉलरच्या बकरमसाठी तर कोरडा ताप आणि दाब पुरतो, मात्र तो सर्व जागी सारखा हवा. म्हणून ज्यांना एकाच इस्त्रीत घर आणि शिवणकाम दोन्ही भागवायचे आहे, त्यांनी हजार वॅटची, दीड किलोच्या पुढची कोरडी इस्त्री घ्यावी. हाताला जड वाटत असेल तर हलकी घ्यावी, पण तापाच्या बाबतीत तडजोड करू नये.

ठिपक्यांचा अर्थ

इस्त्रीच्या चकतीवर एक, दोन व तीन ठिपके असतात. एका ठिपक्याला सुमारे ११० अंश सेल्सिअस, दोनला १५० आणि तीनला २०० अंश ताप धरतात. नायलॉनला एक, रेशीम, लोकर व पॉलिएस्टरला दोन, सुती व लिननला तीन. बुरख्याचे निदा कापड पॉलिएस्टरचे असते. काळ्या निदावर जास्त ताप पडला की चमकणारा डाग उमटतो आणि तो सहसा जात नाही. असे कापड उलट बाजूने, वर सुती फडका ठेवून दाबावे. जरीलाही हाच नियम. काम सुरू करण्यापूर्वी कातरणीतल्या चिंधीवर इस्त्री ठेवून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

तळ निवडताना टाचण्या आणि झिपचा विचार करावा. न चिकटणारा लेप असलेला तळ सफाईने फिरतो, पण टाचणीने त्यावर ओरखडा पडतो आणि तो पुढे तलम कापडाला अडकतो. असा तळ असेल तर टाचण्या काढल्याशिवाय इस्त्री ठेवू नये.

विजेचा हिशेब

जास्त वॅटची इस्त्री म्हणजे जास्त बिल, असे सरसकट नाही. ती लवकर तापते आणि लवकर बंदही होते. हजार वॅटची इस्त्री सलग एक तास वीज घेत राहिली तर एक युनिट जळते. थर्मोस्टॅट मध्ये-मध्ये वीज तोडत असल्याने प्रत्यक्षात कमी जळते. दिवसाला दोन तास इस्त्री लावून ठेवली आणि त्यातला निम्मा वेळ ती वीज घेत असेल, तर २६ दिवसांचे २६ युनिट होतात. शिलाईचा दर ठरवताना हा खर्च धरावा.

जेथे दाब कमी असतो तेथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर हजार वॅटची इस्त्री जेमतेम सहाशे वॅटचे काम करते. ती उशिरा तापली तर दोष इस्त्रीचा नव्हे. हजार वॅटच्या इस्त्रीला सव्वाचार अँपिअरच्या आसपास वीज लागते, ती साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर चालते. दोन हजार वॅटच्या वाफेच्या इस्त्रीला मात्र सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. प्लग तीन पिनांचाच असावा आणि घरात अर्थिंग असल्याची खात्री करून घ्यावी.

दुकानात काय तपासावे?

घरगुती इस्त्रीला आयएसआय खूण सक्तीची आहे. खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तपासता येतो. खूण केवळ खोक्यावर असून चालत नाही, इस्त्रीवरही हवी. दुकानातच वीज लावून दिवा ठरावीक वेळाने विझतो व पुन्हा लागतो का, हे पाहावे. वायर मुठीजवळ मोकळी वळते का, तेही पाहावे. पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय उठू नये. वॉरंटी असून दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

शेवटची सूचना दुरुस्तीबाबत. इस्त्री प्रमाणाबाहेर तापली की आतला थर्मल फ्यूज जळून वीज तोडतो. काही कारागीर तो काढून वायर थेट जोडून देतात. इस्त्री चालू होते, पण पुढच्या वेळी तिला थांबवणारे काही राहत नाही. अशाने कापडच काय, घरही पेटू शकते. फ्यूज त्याच मापाचा नवा बसवून घ्यावा आणि तो का जळाला, हेही पाहून घ्यावे. तेवढा खर्च करण्याजोगी इस्त्री उरली नसेल तर नवी घ्यावी. गिऱ्हाइकाचा एक जोड भरून देण्यापेक्षा ती स्वस्त पडेल.