'आईसमोर बोलू नका, डॉक्टर'

गैरसमज: कॅन्सर आहे हे सांगितलं तर पेशंट खचेल.

आई बाहेर बाकावर बसलेली असते. मुलगा आधी आत शिरतो आणि हळूच म्हणतो, "तिला काही सांगू नका, खचेल." कॅन्सरच्या डॉक्टरांना हे वाक्य पाठ झालंय. माया खरी, समजूत चुकीची.

आईला परळच्या 'टाटा'त आणायचं, केमोच्या रांगेत केस गेलेल्या बायकांशेजारी बसवायचं, वर "साधी गाठ आहे" म्हणायचं. तिला काही कळत नाही असं खरंच वाटतं? बहुतेकदा तिला कळलेलं असतं. तुम्हाला त्रास नको म्हणून ती गप्प असते. या लपंडावात जमिनीचं काय करायचं, कोणाला भेटायचंय, उपचार कुठवर हवेत, हे बोलायचं राहूनच जातं.

धक्का बसतच नाही असं नाही. स्वीडनमधल्या 2012च्या मोठ्या अभ्यासात निदानानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्या आणि हृदयविकाराने मृत्यू यांचा धोका वाढलेला दिसला. म्हणून सांगताना सांभाळून सांगा, नंतर एकटं सोडू नका. 'सांगूच नका' हा अर्थ त्यातून कसा निघतो?

'डॉक्टरांनी लपवणं ही तर जुनी रीत' असंही ऐकवलं जातं. होतीच. 1961च्या अमेरिकी पाहणीत जवळपास 90 टक्के डॉक्टर निदान न सांगण्याच्या बाजूचे होते. 1979मध्ये तीच प्रश्नावली पुन्हा दिली, तेव्हा 97 टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत माणसाचं काळीज काही बदललं नव्हतं, डॉक्टर बदलले होते.

आता किरकोळ गैरसमज.

'नातेवाइकाची सही पुरे.' नाही. भूल दिलेल्या महिलेचं गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढलं गेलं. तातडीचं कारण नव्हतं. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सुप्रीम कोर्टाने ती संमती ग्राह्य धरली नाही.

'फाइल हॉस्पिटलची.' पेशंटने मागितल्यावर कागदपत्रं 72 तासांत द्यावीत, असं 2002चे वैद्यकीय आचारनियम सांगतात.

'खरं सांगणं म्हणजे "सहा महिने उरलेत" असं तोंडावर फेकणं.' मुळीच नाही. किती ऐकायचंय, हे आधी पेशंटलाच विचारायचं असतं. "मुलाशी बोला" असं आई स्वतः म्हणाली, तर तोही तिचाच हक्क.

तेव्हा पुढच्या वेळी आधी आत शिरू नका. बाकावर तिच्या शेजारी बसा आणि विचारा, "आई, रिपोर्ट आलाय. तू ऐकतेस, की मी ऐकू?"