काच पुसणाऱ्याच्या पाण्याचा हिशेब



या व्याख्यानमालेत आपण तत्त्वज्ञानापासून परराष्ट्रकारणापर्यंत पुष्कळ ऐकले असेल. मी आज एका बादलीविषयी बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या बैठकींत. तेव्हा पांडित्याची अपेक्षा न ठेवता एका कष्टकऱ्याच्या धंद्याचा जमाखर्च म्हणून माझे म्हणणे ऐकावे, एवढी विनंती आहे.

आपल्या चंद्रपुरात गेल्या काही वर्षांत काचेच्या दर्शनी भागाची दुकाने, बँका आणि दवाखाने पुष्कळ उभे राहिले. इकडे कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र आणि रस्त्यांवरून अहोरात्र धावणारे कोळशाचे ट्रक. सकाळी पुसलेल्या काचेवर संध्याकाळी बोट फिरवले तर बोट काळे होते. यातूनच काचा पुसण्याचा धंदा वाढला. चारसहा माणसे, दोन शिड्या, बादल्या, फडकी आणि रबरी वायपर एवढे त्याचे भांडवल. पाणी हे या धंद्याचे खरे कच्चे द्रव्य. पण त्याचा हिशेब फार थोडे लोक ठेवतात. पाणी फुकट मिळे तोवर हे चालून गेले. नळाला मीटर बसला की तो हिशेब कोणीतरी ठेवतोच. तो आपण ठेवला नाही, तर दुसरा ठेवतो आणि आपल्याला भरायला लावतो.

असा एक प्रसंग माझ्यासमोर घडला. एका मोठ्या इमारतीच्या काचा पुसणारे पाच कामगार माझ्याकडे आले. पाण्याचे बिल वाढले, तुम्ही पाणी उधळता, असे सांगून कंत्राटदाराने तीन महिने त्यांच्या मजुरीतून पैसे कापले होते. त्यातला वयाने मोठा माणूस म्हणाला, "भाऊ, आम्ही दिवसाला वीस बादल्यांपेक्षा जास्त पाणी घेतच नाही. पण सांगायचे कोणाला?" मी त्यांना विचारले, मीटर कोणी पाहिला आहे काय? कोणीच पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे, नळाला पाणी येण्याच्या वेळी, आम्ही सारे तेथे गेलो. जमिनीखालची टाकी भरली. इमारतीतला एकही नळ चालू नव्हता, तरी मीटरची बारीक चकती फिरतच होती. अर्ध्या तासात 300 लिटर पाण्याची नोंद झाली. टाकीचा बॉलकॉक बिघडला होता आणि जास्तीचे पाणी आतल्या आत गटारात जात होते. टाकी भरल्यावर नळ रोज सुमारे तासभर चालू राही. म्हणजे दिवसाला 600 लिटर आणि महिन्याला 18,000 लिटर. कामगारांच्या वीस बादल्या, बादली पंधरा लिटरची धरली, तर दिवसाला 300 लिटर आणि 26 दिवसांचे 7,800 लिटर होतात. गटाराने कामगारांच्या दुपटीहून अधिक पाणी प्यायले होते आणि त्याचे पैसे कामगारांनी भरले होते! बॉलकॉक बदलला आणि कपात थांबली. त्या महिन्याचे पैसे परत मिळाले. आधीच्या दोन महिन्यांचे मिळाले नाहीत, कारण दाखवायला कामगारांपाशी एका ओळीचीही नोंद नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट मीटर वाचण्याची. हे अवघड नाही. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजे 1000 लिटर. बहुतेक मीटरांत काळे आकडे पूर्ण युनिट दाखवतात आणि लाल आकडे त्याखालचे लिटर. सारे नळ बंद असताना लहान चकती फिरत असेल, तर कोठेतरी गळती आहे असे समजावे. ठिबकणाऱ्या नळाखाली एक लिटरची बाटली ठेवून पाहा. ती दहा मिनिटांत भरली, तर दिवसाला 144 लिटर आणि महिन्याला चार युनिटांहून अधिक पाणी गेले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जेथे पाणी ठरावीक वेळीच येते, तेथे रिकाम्या नळातली हवा आधी बाहेर पडते आणि तिच्या जोराने मीटर फिरू शकतो. तशी शंका आली तर पहिल्या काही मिनिटांची नोंद वेगळी करावी आणि मीटर तपासून मिळावा असा लेखी अर्ज द्यावा.

दुसरी गोष्ट काम करण्याच्या रीतीची. नळी लावून काच धुतली म्हणजे काम झपाट्याने होते असे वाटते. आपल्या नळीखाली बादली धरून घड्याळ लावा. मिनिटाला 12 लिटर पाणी येत असेल, तर एका दुकानासमोर वीस मिनिटांत 240 लिटर जातात. तेच काम ओल्या फडक्याने मळ सोडवून वायपरने पाणी ओढून घेतले, तर दोन बादल्यांत, म्हणजे 30 लिटरांत होते. हा एकपाती रबरी वायपर म्हणजे इटलीहून अमेरिकेत गेलेल्या एत्तोरे स्टेकोने नावाच्या एका काच पुसणाऱ्याचीच देणगी. त्याने 1936 साली त्याचे पेटंट घेतले. हातात फडके घेऊन काम करणाऱ्यानेच आपले हत्यार सुधारले, याचे मला मोठे कौतुक वाटते.

आता दिवसाला दहा दुकाने आणि महिन्याचे 26 दिवस धरा. नळीने 62.4 युनिट लागतील, बादलीने 7.8. पाण्याचे दर गावोगावी निराळे असतात; पण पुष्कळ ठिकाणी ते चढत्या पायऱ्यांचे असतात. उदाहरणापुरते समजू की पहिल्या 20 युनिटांना 15 रुपये, पुढच्या 30 ला 30 रुपये आणि त्यावर 60 रुपये असा दर आहे. तर नळीवाल्याचे बिल 1944 रुपये होईल आणि बादलीवाल्याचे 117 रुपये. पाणी आठपट, पण पैसे सोळापटीहून अधिक! चढत्या दराचा हा स्वभाव ज्याला कळला, त्याला अर्धा धंदा कळला.

तिसरी गोष्ट पाण्याच्या गुणाची. आपल्याकडच्या पुष्कळ बोअरचे पाणी जड असते. ते काचेवर वाळले की पांढरे डाग उरतात आणि तीच काच पुन्हा धुवावी लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे गेला की उन्हातल्या काचेवर पाणी टाकताच वाळते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे काम सुरू करावे आणि सावलीची बाजू धरत जावे. पाणीही वाचते आणि माणसाला लू लागत नाही. डाग पडू नयेत म्हणून कोणी आरओ यंत्राचे पाणी वापरतात. पण या यंत्रातून शुद्ध पाण्याबरोबर पुष्कळसे क्षारयुक्त पाणी बाहेर पडते आणि मीटरवर दोन्ही मोजले जाते. ते सांडपाणी पायऱ्या आणि फरशा धुण्यास ठेवावे. काचेला सर्वांत उत्तम पाणी पावसाचे, कारण त्यात क्षार नाममात्र असतात. 50 चौरस मीटर छपरावर 20 मिलिमीटर पाऊस पडला, तर हिशेबाने 1000 लिटर पाणी होते. वाया जाणारे सोडले तरी मोठे पिंप सहज भरेल. मात्र आपल्या छपरांवर कोळशाची धूळ असते, म्हणून पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे.

कोणी म्हणेल, पाणी हा तर माणसाचा हक्क. त्याला मीटर कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सार्वजनिक तळ्यावरच्या हक्कासाठी 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडचा सत्याग्रह करावा लागला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातले मालगुजारी तलाव गावाच्या श्रमातून उभे राहिले. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ज्या पाण्याला शेतकऱ्याने कधी पैसे मोजले नव्हते, त्यावर पाणीपट्टीचा वाद उभा राहिला. पिण्याच्या पाण्यापासून गरीब माणूस बिलापायी तुटता कामा नये, हे माझे ठाम मत आहे. पण धंद्याच्या पाण्याचे माप असावे, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणतो. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरणातले पाणी इतके खालावले की वीजकेंद्राचे संच बंद ठेवावे लागले. जे धरण शहराची तहान भागवते, त्यावरच कारखानाही अवलंबून आहे. तेथे माप नसेल, तर ज्याचा पंप मोठा त्याचे पाणी, असा न्याय होतो.

शेवटची गोष्ट कराराची. काम घेतानाच लिहून घ्यावे की पाणी कोण देणार, बिल कोण भरणार आणि गळतीची दुरुस्ती कोणाकडे. पाणी आपले असेल, तर काचेच्या दरात ते धरावे. मजुरीतून मनमानी कपात करता येत नाही. 1936 च्या वेतन अदायगी कायद्यात जे तत्त्व होते, तेच 2019 च्या वेतन संहितेत आले आहे: नुकसान कामगाराच्याच हयगयीने झाले असेल तरच कपात, तीही नुकसानीपेक्षा जास्त नाही, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावरच.

पण म्हणणे मांडायला पुरावा लागतो. त्यासाठी एक वही करा. तारीख, सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा आणि पुसलेल्या काचांची संख्या, अशा चार ओळी रोज लिहा. त्या पाच कामगारांनी आता ही वही ठेवली आहे. त्यांच्यातला सर्वांत धाकटा ती लिहितो, आणि महिनाअखेर बिल आले की आधी वही उघडली जाते.

 घरी गेल्यावर एकदा आपलाही मीटर पाहावा, एवढे सांगून मी रजा घेतो.