चकचकीत पातेलं आणि तापमानाची बंदूक

कामतघरच्या आमच्या बचत गटाने गेल्या दिवाळीत लाडवांची मोठी ऑर्डर घेतली होती. पाकाचा अंदाज चुकू नये म्हणून आम्ही बंदुकीसारखं थर्मामीटर आणलं. कोविडमध्ये कपाळावर रोखायचे ना, तसलंच, पण जास्त तापमान दाखवणारं. गॅस बंद केल्यावर थोड्या वेळाने मी ते नव्याकोऱ्या स्टीलच्या पातेल्याच्या कडेवर रोखलं. आकडा आला ४८. "उचल गं, निवलंय," हे मीच म्हणाले. आतला पाक अजून शंभराच्या घरात होता. उचलणारीची चार बोटं भाजली.

यंत्र बिघडलंय म्हणून मी ते परत करायला निघाले होते. पण ते बिघडलेलं नव्हतं.

हे थर्मामीटर भांड्याला हात लावत नाही. तापलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर टाकते, ते मोजून यंत्र आकडा काढतं. गंमत अशी की तेवढ्याच तापलेल्या दोन वस्तू सारखे किरण टाकत नाहीत. काजळी भरपूर टाकते, घासूनपुसून चकाकणारा धातू अगदी थोडे. या गुणाला उत्सर्जकता म्हणतात. जास्तीत जास्त १ धरली, तर काजळीची ०.९५ च्या आसपास आणि चकचकीत स्टीलची ०.१ ते ०.२ असते. माणसाच्या त्वचेची ०.९८, मग कातडी गोरी असो की काळी! साध्या बंदुका समोरची वस्तू ०.९५ वाली आहे असं धरूनच चालतात. पातेल्याचे किरण कमी आले, तिला वाटलं पातेलं गार आहे. शिवाय चकचकीत कड म्हणजे आरसाच, त्यातून खोलीतल्या गार भिंतीही तिला दिसत होत्या.

जॉन लेस्ली नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८०४ साली हे दाखवून दिलं. धातूच्या चौकोनी डब्यात गरम पाणी भरलं. एक बाजू घासलेली, एक काळी केलेली. पाणी एकच, पण काळ्या बाजूकडून उष्णता कितीतरी जास्त येत होती.

आजही मोजायची रीत फार वेगळी नाही. मिश्रधातूचा तुकडा तापवतात, त्याला चिकटवलेल्या तारेने खरं तापमान घेतात आणि तेवढ्याच तापलेल्या भट्टीच्या बारीक छिद्रातून येणाऱ्या किरणांशी त्याच्या किरणांची तुलना करतात. असं छिद्र जवळजवळ पूर्ण १ असतं. कटकट इथे आहे की स्टील किंवा पितळ हवेत तापलं की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, रंग बदलतो आणि आकडाही वाढतो. म्हणजे "स्टीलची उत्सर्जकता किती" याला एक उत्तर नाही. घासलेलं की करपलेलं, किती तापलेलं, हे आधी विचारावं लागतं. लोखंडाच्या भट्ट्यांत आणि विमानांच्या इंजिनांत आतल्या तापलेल्या भागाला हात लावून बघता येत नाही, तिथे या आकड्यावरच भिस्त असते.

भिवंडीतल्या ज्यांच्या घरचे सायझिंगमध्ये कामाला आहेत, त्यांनी हे घरी जरूर सांगा. खळ लावलेलं सूत वाफेने तापलेल्या ज्या सिलिंडरवर वाळतं, तो चकचकीत असला तर जवळ जाऊनही फारशी धग लागत नाही. हात लागला की मात्र कातडी सोलते.

घरी करून बघायचं असेल तर स्टीलच्या पातेल्यात गरम पाणी घ्या, उकळतं नको, गॅसही बंद. बाहेरून वायरमनची काळी चिकटपट्टी लावा. पट्टीवर ६० आला, तर शेजारच्या स्टीलवर ३५-४० येईल.

आम्ही आता बंदूक वरून थेट पाकावरच रोखतो, वाफ बाजूला गेली की. पातेलं उचलायला सांडशी.